खाद्यतेल कशात साठवाल? प्लास्टिकमधून तेलात उतरणारी रसायने आणि घ्यावयाची काळजी



भुईमूग, करडई, तीळ, जवस, कारळा, सूर्यफूल ही तेलबियांची पिके आपण निगुतीने घेतो. बियाणे पारखून घेतो, शेंगा वाळवताना बुरशी लागू नये म्हणून जपतो, घाण्यावर जाऊन डोळ्यांदेखत तेल काढून घेतो. एवढे सगळे केल्यावर ते तेल घरी आणण्यासाठी मात्र हाताला लागेल तो प्लास्टिकचा कॅन पुढे करतो. तो कॅन पूर्वी कशाचा होता, कोणत्या प्लास्टिकचा आहे, किती वर्षांचा आहे याचा विचार फारसा होत नाही.

अलीकडे अनेक गावांत लाकडी घाणे पुन्हा सुरू झाले आहेत. काही शेतकरी आणि महिला बचत गट बाटल्यांत भरून तेल विकू लागले आहेत. त्यामुळे तेल कशातून न्यावे, कशात निवळू द्यावे आणि कशात भरावे हा प्रश्न आता आपल्या घरापुरता राहिलेला नाही. ज्या गिऱ्हाइकाने शुद्ध तेल म्हणून दोन पैसे जास्त मोजले, त्याच्या घरातील लेकराबाळांपर्यंत तो जातो. म्हणून प्लास्टिकमधून तेलात काय उतरते, किती उतरते आणि ते कसे टाळता येते याची माहिती या लेखात दिली आहे.

रसायने तेलात उतरतात म्हणजे काय?

प्लास्टिक हे लहान रेणूंच्या लांबच लांब साखळ्यांचे बनलेले असते. या साखळ्या फार मोठ्या असल्यामुळे त्या सहसा तेलात जात नाहीत. परंतु प्लास्टिकमध्ये केवळ साखळ्या नसतात. ते मऊ राहावे, उन्हाने तडकू नये, साच्यातून सहज सुटावे, त्याला रंग यावा यासाठी त्यात निरनिराळी द्रव्ये मिसळतात. शिवाय साखळीत न जोडले गेलेले काही मूळ रेणू आणि कारखान्यात वापरलेल्या उत्प्रेरकाचा थोडा अंशही त्यात शिल्लक राहतो. हे लहान रेणू साखळ्यांना पक्के बांधलेले नसतात. ते हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतात आणि संपर्कातील तेलात उतरतात. शास्त्रीय भाषेत याला रसायनांचे स्थलांतर म्हणतात.

याचा अनुभव प्रत्येक घरात येतो. प्लास्टिकच्या डब्यात कालवण ठेवले की डबा पिवळा-तांबडा पडतो आणि कितीही घासला तरी डाग जात नाही. हळदीचा आणि मिरचीचा रंग तेलाबरोबर प्लास्टिकच्या अंगात शिरलेला असतो. जी वाट आत शिरण्याची, तीच बाहेर येण्याची. ही एक गोष्ट ध्यानात घेतली तर पुढचे बरेचसे आपोआप समजते.

पाण्यापेक्षा तेलात जास्त का?

प्लास्टिकमधील बरीचशी मिश्रित द्रव्ये स्निग्ध स्वभावाची असतात. ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत, तेलात मात्र सहज विरघळतात. शिवाय तेल स्वतःही काही प्रमाणात प्लास्टिकमध्ये मुरते, त्याला किंचित फुगवते आणि आतील द्रव्यांची वाट मोकळी करते. म्हणूनच पाण्यासाठी वर्षानुवर्षे विनातक्रार वापरलेला कॅन तेलासाठी योग्य असेलच असे नाही.

किती प्रमाणात उतरेल हे मुख्यत्वे चार गोष्टींवर अवलंबून असते.

१) उष्णता : तेल जितके गरम, तितके रेणू वेगाने हलतात आणि जास्त उतरतात. एक्स्पेलरमधून निघालेले तेल चांगलेच गरम असते. ते तसेच कॅनमध्ये भरणे सर्वांत वाईट.

२) काळ : आठ दिवसांत जे उतरेल त्यापेक्षा आठ महिन्यांत जास्त उतरेल. वर्षाचे तेल एकदम भरून ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

३) प्लास्टिकचा प्रकार : काही प्लास्टिकमध्ये मिसळलेली द्रव्ये अगदी थोडी, तर काहींत वजनाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत असतात.

४) संपर्काचे क्षेत्र : भांडे जितके लहान, तितका प्रत्येक लिटर तेलाला प्लास्टिकचा जास्त स्पर्श होतो. उदाहरणार्थ, चौकोनी ठोकळ्याच्या आकाराचे एक लिटरचे भांडे घेतले तर त्याच्या आतील बाजूचे क्षेत्र ६ चौरस डेसिमीटर भरते. त्याच आकाराच्या १५ लिटरच्या भांड्यात लिटरमागे हे क्षेत्र सुमारे २.४ चौरस डेसिमीटर, तर २०० मिलिलिटरच्या भांड्यात लिटरमागे सुमारे १०.३ चौरस डेसिमीटर येते. म्हणजे प्लास्टिक तेच असले तरी लहान पॅकमध्ये स्पर्श चौपटीहून अधिक होतो.

कोणत्या प्लास्टिकमधून काय उतरते?

बाटली किंवा कॅनच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ यांपैकी एक आकडा असतो. हा आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो. भांडे खाद्यपदार्थासाठी योग्य आहे असा त्याचा अर्थ नाही, हे प्रथम समजून घ्यावे. एकाच प्रकारच्या प्लास्टिकपासून तेलाचा कॅनही बनतो आणि फिनेलचाही.

आकडा १ - पेट : तेलाच्या पारदर्शक बाटल्या याच्या असतात. याच्या रासायनिक नावात थॅलेटसारखा शब्द येतो म्हणून पेट बाटलीतून थॅलेट उतरतात असा समज पसरला आहे. पेट बनवताना प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट द्रव्ये लागत नाहीत. यात उत्प्रेरक म्हणून वापरलेल्या अँटिमनी या धातूचा थोडा अंश राहतो. पाण्याच्या बाटल्यांवरील अभ्यासात उष्णता वाढली की अँटिमनी उतरण्याचे प्रमाण वाढते असे दिसून आले आहे. युरोपात यासाठी किलोमागे ०.०४ मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. नवी, खाद्यपदार्थासाठी बनवलेली पेट बाटली थंड तेलासाठी चालते. गरम तेलासाठी मुळीच नाही, कारण साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसला ती मऊ पडू लागते.

आकडा २ - एचडीपीई : जाड, दुधी रंगाचे कॅन याचे असतात. यात मिश्रित द्रव्ये कमी असतात. नवा आणि खाद्यपदार्थासाठी बनवलेला असेल तर हा कॅन तेलासाठी चालतो. मात्र यातून हवेतील प्राणवायू थोडा थोडा आत शिरतो. त्यामुळे तेल फार दिवस ठेवल्यास त्याला खवट वास येतो.

आकडा ३ - पीव्हीसी : कडक पीव्हीसी आणि मऊ पीव्हीसी यांत फरक करावा. मूळ पीव्हीसी कडक असते. त्याची वाकणारी नळी बनवायची तर त्यात मऊ करणारे द्रव्य घालावे लागते. मऊ पीव्हीसीच्या वजनाच्या ३० ते ४० टक्क्यांपर्यंत हे द्रव्य असू शकते. थॅलेट वर्गातील डीईएचपी हे त्यापैकी दीर्घकाळ सर्वाधिक वापरले गेलेले द्रव्य होय. मऊ पीव्हीसी तेलाच्या संपर्कात येऊ देऊ नये.

आकडा ४ - एलडीपीई : पिशव्यांच्या फिल्ममध्ये याचा उपयोग होतो. तेलाची पिशवी बहुधा अनेक थरांची असते. थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यात मेदाम्लांपासून केलेली गुळगुळीत द्रव्ये घालतात. ही द्रव्ये फारशी घातक नाहीत. छपाईची शाई आणि थर जोडणारा डिंक यांबाबत मात्र पिशवी चांगल्या उत्पादकाची असणे महत्त्वाचे आहे.

आकडा ५ - पॉलिप्रॉपिलीन : डबे आणि झाकणे याची असतात. उष्णतेला हे इतर प्लास्टिकपेक्षा बरे टिकते. तरीही तळणीचे तेल १७० ते १९० अंशांवर असते आणि हे प्लास्टिक १६० ते १६५ अंशांच्या आसपास वितळते. हे ध्यानात ठेवावे.

आकडा ६ - पॉलिस्टायरीन : थर्माकोलच्या वाट्या आणि चहाचे कडक कप याचे असतात. गरम, तेलकट पदार्थासाठी वापरू नये.

आकडा ७ - इतर : यात पॉलिकार्बोनेट येते. त्यातून बिस्फेनॉल-ए हे रसायन उतरू शकते. पत्र्याच्या डब्यांना आतून दिलेल्या इपॉक्सी लेपातही ते असू शकते. युरोपियन संघाने डिसेंबर २०२४ मध्ये नियम करून अन्नाच्या संपर्कातील वस्तूंत त्याच्या वापरावर बंदी घातली.

शरीरावर काय परिणाम होतो?

डीईएचपी आणि बिस्फेनॉल-ए यांबाबतची मुख्य चिंता अशी की, ही रसायने शरीरातील संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. प्राण्यांवरील प्रयोगांत डीईएचपीमुळे नर पिल्लांच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम झालेला दिसला आहे. म्हणून गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्या बाबतीत जास्त काळजी घ्यावी असे तज्ज्ञ सांगतात.

येथे प्रमाणाचा विचार करणे आवश्यक आहे, नाहीतर उगाच भीती निर्माण होते. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये डीईएचपीसह चार थॅलेटसाठी मिळून, शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ५० मायक्रोग्रॅम ही सुरक्षित मर्यादा धरली. साठ किलो वजनाच्या माणसासाठी ती रोज ३ मिलिग्रॅम होते. युरोपात प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या डीईएचपीची मर्यादा किलोमागे १.५ मिलिग्रॅम होती, ती २०२३ च्या सुधारणेने ०.६ मिलिग्रॅम करण्यात आली. एवढे डीईएचपी असलेले तेल एखाद्याने रोज ३० ग्रॅम खाल्ले तर त्याच्या पोटात ०.०१८ मिलिग्रॅम जाईल. हे प्रमाण वरील मर्यादेच्या दीडशेव्या भागापेक्षाही कमी आहे. म्हणजे नियमात बसणाऱ्या वेष्टनातील तेलाने घाबरून जाण्याचे कारण नाही.

आता दुसरी बाजू पाहा. शंभर ग्रॅम वजनाच्या मऊ पीव्हीसी नळीत ३० ते ४० ग्रॅम मऊ करणारे द्रव्य असू शकते. त्यातील फक्त एक ग्रॅम द्रव्य १,६०० किलोहून अधिक तेलाला ०.६ मिलिग्रॅमच्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे आहे. धोका कोठे आहे हे या हिशेबावरून स्पष्ट होईल. दुकानातील सीलबंद पिशवीपेक्षा घाण्यावरील नळी आणि घरातील जुना कॅन यांकडे आधी लक्ष द्यावयास हवे.

घाण्यावरील पारदर्शक नळी

टाकीतून बाटलीत तेल सोडण्यासाठी बहुतेक ठिकाणी हार्डवेअरच्या दुकानातील पारदर्शक नळी वापरतात. ती सहसा मऊ पीव्हीसीची असते. काही महिन्यांनी ती कडक आणि पिवळी पडते. उन्हाने असे झाले असे आपण म्हणतो. पण तेलाच्या कामातील नळी कडक होण्याचे एक मोठे कारण हे आहे की, तिला मऊ ठेवणारे द्रव्य निघून गेलेले असते. ते कोठे गेले हे सांगण्याची गरज नाही.

हा प्रश्न केवळ तेलाचा नाही. दूध काढण्याच्या यंत्रांतील पीव्हीसी नळ्यांमधून दुधात डीईएचपी उतरते असे परदेशातील अभ्यासांत दिसून आले आणि त्यानंतर तेथे नळ्या बदलण्यात आल्या. चीनमध्ये नोव्हेंबर २०१२ मध्ये मद्यात थॅलेट आढळल्याने मोठा गदारोळ झाला, तेव्हाही उत्पादनात वापरलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांकडे बोट दाखवले गेले.

नळी पीव्हीसीची आहे का हे पाहण्याची एक जुनी, सोपी चाचणी आहे. तांब्याची तार सांडशीत धरून ज्योतीत लाल होईपर्यंत तापवावी. ज्योतीला रंग येईनासा झाला की ती गरम तार नळीच्या तुकड्याला टेकवावी व पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर त्या प्लास्टिकमध्ये क्लोरीन आहे, म्हणजे ते बहुधा पीव्हीसी आहे. ही चाचणी उघड्यावर, अगदी लहान तुकड्यावर करावी. धूर नाकात जाऊ देऊ नये.

पीव्हीसी नळीऐवजी स्टेनलेस स्टीलचा पाइप व तोटी बसवावी. वाकणारी नळी हवीच असेल तर खाद्यपदार्थासाठी बनवलेली सिलिकॉनची नळी घ्यावी. खर्च जास्त येतो, पण नळी लागते ती हातभरच.

जुना कॅन : येथे चुकीला जागा नाही

वर सांगितलेली रसायने हळूहळू काम करतात. औषधाच्या जुन्या कॅनची गोष्ट वेगळी आहे. बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन गावच्या प्राथमिक शाळेत १६ जुलै २०१३ रोजी दुपारचे जेवण घेतल्यावर २३ मुले दगावली. न्यायवैद्यक तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले गेले असावे, अशी शक्यता त्या वेळी पुढे आली. मोनोक्रोटोफॉस हे नाव आपल्या कपाशीच्या पट्ट्यातील कोणत्याही शेतकऱ्याला नवे नाही.

"कॅन धुऊन घेतला, वास येत नाही, मग काय हरकत आहे?" असे अनेकजण विचारतात. हरकत अशी की, धुण्याने फक्त पृष्ठभाग स्वच्छ होतो. अनेक द्रवरूप कीटकनाशकांत औषध विरघळवण्यासाठी सेंद्रिय द्रावके वापरलेली असतात. या द्रावकांबरोबर औषधाचा अंश प्लास्टिकच्या भिंतीत मुरतो. कालवणाचा डाग आठवा. साबणाच्या पाण्याने तो निघत नाही, पण आत तेल भरले की मुरलेला अंश तेलात उतरू लागतो. म्हणजे पाण्याने जे निघाले नाही ते तेल काढून घेते. वास न येणे हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे.

म्हणून कीटकनाशक, तणनाशक, डिझेल, ऑइल, फिनेल यांचा कॅन कितीही मजबूत असला तरी तेल, पाणी, दूध किंवा धान्य यांसाठी कधीही वापरू नये. फवारणी करतानाच रिकामा डबा तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीत घालावे आणि डब्याला लगेच भोके पाडावीत. कीटकनाशक नियम, १९७१ नुसारही रिकामी वेष्टने पुन्हा वापरात येणार नाहीत अशा रीतीने मोडून त्यांची विल्हेवाट लावणे बंधनकारक आहे. भोक पाडलेला कॅन तुमच्या नकळत दुसऱ्या कोणाच्या स्वयंपाकघरात जाऊ शकत नाही, हा त्यातील सर्वांत मोठा लाभ आहे.

तेलबियांची पोती

तेलात नको असलेले पदार्थ काही वेळा तेल काढण्यापूर्वीच शिरलेले असतात. ताग कातण्यापूर्वी धागा मऊ करण्यासाठी त्यावर खनिज तेल फवारण्याची पद्धत आहे. गोणपाटातील हे खनिज तेल आतील दाण्यांत उतरते, असे स्वित्झर्लंडमधील तज्ज्ञांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस दाखवून दिले. त्यानंतर १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय ताग संघटनेने खाद्यपदार्थांच्या पोत्यांसाठी खनिज तेलाऐवजी वनस्पती तेल वापरण्याचे मानक ठरवले.

यासाठी भुईमूग शक्यतो शेंगांच्या रूपात साठवावा. टरफल असेपर्यंत दाण्याचा पोत्याशी थेट संबंध येत नाही. शेंगांतील ओलावा ८ ते ९ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. सोललेले दाणे, तीळ किंवा करडई स्वच्छ, नव्या पोत्यात भरावी. खताची किंवा कीटकनाशकाची रिकामी पोती तेलबियांसाठी वापरू नयेत. रॉकेलचा किंवा ग्रीसचा वास येणारे पोते बाजूला काढावे.

कायदा काय सांगतो?

अन्न सुरक्षा व मानके (पॅकेजिंग) नियमावली, २०१८ ही १ जुलै २०१९ पासून लागू झाली. तीनुसार प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या सर्व पदार्थांचे एकूण प्रमाण किलोमागे ६० मिलिग्रॅम किंवा दर चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम यापेक्षा जास्त असता कामा नये. एक लिटरच्या ठोकळ्याचे क्षेत्र ६ चौरस डेसिमीटर येते हे आपण पाहिले. त्यावरून हे दोन आकडे एकमेकांशी कसे जुळतात ते कळेल. ही तपासणी भारतीय मानक ९८४५ प्रमाणे करतात. त्यात खऱ्या अन्नाऐवजी पाणी, सौम्य ॲसेटिक आम्ल, अल्कोहोल आणि तेलकट पदार्थांसाठी हेप्टेन अशी द्रावणे वापरून प्लास्टिकमधून किती अंश उतरतो ते मोजतात.

अन्नासाठी वापरावयाच्या प्लास्टिकची मानकेही ठरलेली आहेत. पॉलिइथिलीनसाठी भारतीय मानक १०१४६, पॉलिप्रॉपिलीनसाठी १०९१० आणि पेटसाठी १२२५२ ही मानके आहेत. बाटल्या घेताना विक्रेत्याकडून या मानकांप्रमाणे तपासणी झाल्याचा दाखला मागावा व तो जपून ठेवावा. याशिवाय एकदा वापरलेले पत्र्याचे डबे तेल भरून विकण्यासाठी पुन्हा वापरण्यास मनाई आहे. वर्तमानपत्रात अन्न बांधण्यासही मनाई आहे. वडे, भजी रद्दीवर निथळत ठेवण्याची सवय सोडावी, कारण छपाईची शाई तेलात सहज उतरते.

मग सुटे तेलच बरे, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. १९९८ मध्ये दिल्ली परिसरात मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली. त्यातून जलोदरासारख्या सुजेची साथ येऊन अनेकांचे बळी गेले. त्यानंतर त्याच वर्षी खाद्यतेल सीलबंद विकण्याबाबतचा आदेश केंद्र शासनाने काढला. वेष्टनाने भेसळीला आळा बसतो. फक्त ते वेष्टन योग्य असले पाहिजे.

घाणाधारक व बचत गटांसाठी शिफारशी

१) तेल गाळण्यापासून निवळण्यापर्यंतचे सर्व काम स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांत करावे. तळाशी गाळ बसेल व तोटी त्याच्या थोडी वर राहील अशी टाकी करून घ्यावी.

२) तेल हाताला थंड लागल्याशिवाय बाटलीत किंवा कॅनमध्ये भरू नये.

३) बाटल्या नव्याच वापराव्यात. गिऱ्हाइकाने आणलेल्या पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत तेल देऊ नये. स्टीलची बरणी आणली तर आनंदाने द्यावे.

४) बाटली गळ्यापर्यंत भरावी. वर हवा कमी राहिली की तेल उशिरा खवट होते. करडईच्या तेलात लिनोलिक आम्लाचे प्रमाण सुमारे ७५ टक्के असते. त्यामुळे याबाबतीत त्याची जास्त काळजी घ्यावी लागते.

५) भरलेल्या बाटल्या उन्हात किंवा दुकानाच्या दर्शनी भागात मांडू नयेत. खोके बंद करून थंड, अंधाऱ्या जागी ठेवावेत.

६) काचेची बाटली वापरत असाल तर झाकणाकडेही पाहावे. युरोपात तेलकट पदार्थांच्या काचेच्या बरण्यांत झाकणाच्या आतील पीव्हीसी चकतीतून रसायने उतरल्याचे आढळले होते. बाटली भरल्यावर उभीच ठेवावी, म्हणजे तेल झाकणाला लागून राहत नाही.

घरातील वापरासाठी

१) वर्षाचे तेल एकदम भरायचे असेल तर स्टीलच्या झाकणाच्या डब्यात किंवा चिनी मातीच्या बरणीत भरावे. ते शक्य नसल्यास महिना-दोन महिन्यांपुरतेच तेल आणावे. बिया घरात ठेवून लागेल तसे तेल काढून घेणे सर्वांत चांगले.

२) पिशवी फोडल्यावर तेल स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात ओतावे. रिकामी पेट बाटली पुन्हा पुन्हा भरू नये. तिच्या आतील चिकट थर हा खवट झालेल्या तेलाचाच असतो आणि तो नव्या तेलालाही लवकर बिघडवतो.

३) तेलाचे भांडे चुलीजवळ किंवा गॅसच्या शेजारी ठेवू नये.

४) तळणीचे उरलेले गरम तेल आणि नुकतेच कढवलेले तूप प्लास्टिकमध्ये ओतू नये. ते धातूच्या भांड्यात थंड होऊ द्यावे.

५) लोणच्यात तेल, आंबटपणा आणि मीठ तिन्ही असतात आणि ते वर्षभर ठेवायचे असते. त्यासाठी चिनी मातीची किंवा काचेची बरणी वापरावी. भिंतीच्या रंगाच्या किंवा डिस्टेंपरच्या रिकाम्या बादल्यांत लोणचे घालण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती पूर्णपणे बंद करावी.

थोडक्यात लक्षात ठेवा

- गरम तेल आणि प्लास्टिक यांची गाठ पडू देऊ नका.
- मऊ, पारदर्शक पीव्हीसी नळी तेलाच्या कामातून काढून टाका.
- औषधाचा, डिझेलचा किंवा रंगाचा डबा धुऊनही तेलासाठी वापरू नका. त्याला भोक पाडा.
- तळाचा आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो, सुरक्षितता नव्हे. मानकाचा दाखला मागा.
- जास्त दिवसांसाठी स्टील, काच किंवा चिनी माती. थोड्या दिवसांसाठी नवी, खाद्यपदार्थासाठी बनवलेली बाटली.

यातील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, सवय बदलावी लागते. या लेखातील एकच काम आज करावयाचे ठरवले तर ते असे करावे : घरातील आणि गोठ्यातील सर्व कॅन एकत्र मांडावेत. प्रत्येक कॅन पूर्वी कशाचा होता ते आठवून पाहावे. जो आठवत नाही, तो तेलाचा नव्हताच असे समजून बाजूला काढावा.